खिडकीतला कप

१२ मार्च १९७३, सोमवार
पुन्हा तोंड आलंय. जिभेच्या कडेला एक, गालाच्या आत दोन. दुष्काळात रेशनवर मिळते त्या मिलो ज्वारीची भाकरी आणि वर लाल तिखट, दुसरं आहे काय खायला! पालेभाजी बघून महिने झाले. आई म्हणते, जाईचा पाला चाव. गावात कुठं जाईचा वेल हिरवा असला तर चावतो की. तुरटीच्या पाण्यानं गुळण्या केल्या. डोळ्यांतून पाणी आलं, बाकी फरक शून्य.

विकास सोसायटीच्या कचेरीत चहा आला तेव्हा वाटलं, आपल्या तोंडाचं दुसऱ्याला लागायला नको. शिपाई किसनरावांना म्हणालो, "बरं होईस्तोवर माझा कप वेगळा ठेवा." एरवी सगळ्यांचे कप आतल्या खिळ्यांना, ज्याच्या हाती जो येईल तो. माझा खिडकीत गेला. सचिव भाऊसाहेब (भा.सा.) म्हणाले, "शहाणे आहात, वाघमारे." बरं वाटलं.

१६ मार्च
घरी बोलता बोलता आबांना कपाचं सांगून गेलो. ते नुकतेच तलावाच्या दुष्काळी कामावरून आलेले, हातपाय धुवायचे राहिले.

"तुझ्या हातानं ठिवलास, ल्येका? आरं, आमचा कप हाटेलाभाईर वळचणीला असायचा. कान तुटलेला. आपुनच धुयाचा, आपुनच ठिवायचा. दीक्षा घेतली तवा म्या त्यो दगडावर आपटला. आन् तू..."

मी म्हणालो, आबा, हा रोगासाठी आहे, जातीसाठी नाही.

"कपाला काय ठावं?"

जेवले नाहीत. मला राग आला. शिकलेल्या माणसानं स्वच्छतासुद्धा पाळायची नाही? मग स्वतःचाच राग आला. मी नोकरीला लागलो तेव्हा आबा मुद्दाम सोसायटीत येऊन ते खिळ्यांवरचे कप बघून गेले होते. हे मी कसं विसरलो?

१९ मार्च
रजा टाकून कळंबला. डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंड बघितलं. म्हणाले, हे कुणालाही लागत नाही. धड खाणं नाही, काळजी, जागरण, की येतं. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तिखट बंद. दोन आठवड्यांत गेलं नाही तर परत या.

मी कपाचं सांगितलं तर हसले. "लागतो तो ओठावरचा फोड. पाण्यानं भरलेले बारीक फोड घोसानं उठतात ना, तो. एकदा आला की उन्हानं, तापानं पुन्हा पुन्हा येतो. खपली पडेपर्यंत कप, पंचा वेगळा ठेवायचा. तिथला हात डोळ्याला लावायचा नाही. आणि तान्ह्या बाळाचा मुका तर अजिबात नाही, बाळाच्या जिवावर बेततं."

म्हणजे माझा कप बाजूला काढायची गरजच नव्हती. येरमाळ्याला एसटी बदलली, डोक्यात तेच.

२४ मार्च
तोंड बरं. किसनरावांना सगळं सांगितलं, लागत नव्हतंच, आता तर गेलंही. "व्हय व्हय," म्हणाले. चहा खिडकीतल्याच कपात दिला.

२७ मार्च
अजून खिडकीतच. भा.सा.ना म्हटलं. "अहो, तुम्हीच ठेवलात ना? किसन विसरला असेल." आणि पेपरात डोकं.

विसरला असेल. असेलही.

उठून खिळ्याला लावायला काय लागतं? पण मी लावला आणि कुणी परत काढला तर? मग कळेलच काय ते. ते कळायचीच भीती वाटते. दिवसभर जागेवर बूड टेकत नाही. आबा नुसते बघतात.

२९ मार्च
भा.सा. धाराशिवच्या चकरा मारून आले. भर उन्हातल्या. वरच्या ओठावर फोड, घोसानं. "दर उन्हाळ्यात येतात. अंगातला ताप बाहेर पडतो." चहा प्यायले, कप विसळून खिळ्याला. किसनरावांनी त्याच कपात नंतर कुणाला तरी दिला.

त्यांची लेक बाळंतपणाला आलीय. रविवारी बारसं. म्हणतात, "घरी गेलं की आधी नातीचा मुका, मग पाणी."

३० मार्च
सांगितलं तर म्हणतील, वाघमाऱ्यानं कपाचं उट्टं काढलं. आणि न सांगता त्या पोरीला काही झालं तर...

आबांना विचारलं. विडी विझवली त्यांनी. "लेकराचं काय चुकलं? जा, सांग."

३१ मार्च
सांगितलं. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे. भा.सा.चा चेहरा लाल झाला.

"मला वेगळं काढता काय, वाघमारे?"

किसनराव दारात उभे. मी एवढंच म्हणालो, "बाळाला जपा, भाऊसाहेब." ते छत्री घेऊन निघून गेले.

२ एप्रिल
बारशाला मला बोलावणं नव्हतं. चहा झाल्यावर भा.सा. स्वतः उठले, आपला कप धुतला, खिडकीत माझ्या कपाशेजारी ठेवला. संध्याकाळी निघताना, माझ्याकडं न बघता, "लांबूनच बघितली. शोभा नाव ठेवलं. उगं रडत होती, घे म्हणून."

मला एकदम भरून आलं. माणूस वाईट नाही. हेच अवघड आहे.

९ एप्रिल
भा.सा.ची खपली पडली. किसनरावांनी त्यांचा कप उचलला, उकळत्या पाण्यानं धुतला, खिळ्याला लावला. माझ्या कपाला हात लावला नाही. भा.सा.नी बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांनी टेबलाचा खण उघडला. खणात काही शोधत नव्हते.

सुटायच्या वेळी मी खिडकीशी गेलो. कप धुतला. आत जाऊन मधल्या खिळ्याला लावला, भा.सा.च्या कपाला लागून. किसनराव झाडू धरून उभे होते. मी पिशवी उचलून घरी आलो.

आबांना अजून सांगितलं नाही. उद्या चहा येऊ दे. मग सांगतो, काय असेल ते.