व्हरांड्यातल्या बावीस बाया

वाशीम, शुक्रवार

भाऊ पंजाबरावले थोरल्या बहिणीचा मनापासून जयभीम.

आमी मजेत. वयनीचा गुडघा कसा आहे? तुह्या उत्कर्षची काळजी करू नको. जेलात दोन टाइम जेवाले भेटते म्हणतात. घरी त्याले वरण आवडे नाही, आता शिकला असन.

काल माह्या नातीनं, पिंकीनं, कोर्टात साक्ष देल्ली. ज्याले ती मामा म्हणे, त्या तुह्या पोरानं तिच्यावर कशी जबरदस्ती केली, ते दोन घंटे सारं सांगतलं. दार बंद होतं. बाहेर व्हरांड्यात आमी महिला मंडळाच्या बावीस बाया खाली बसलो होतो. शिपाई म्हणे, "इथं काय पंगत आहे काय?" आमची शेजारीण बदरुन्निसा म्हणे, "हो ना भैया, तुमी पाणी वाढा!" अन् त्यानं खरंच पाणी आणलं. हासून हासून पोट दुखलं.

पिंकी बाहेर आली अन् म्हणे, "आजी, भूक लागली." वर्षभरात पयल्यांदा म्हणली रे! तीन आलूबोंडे खाल्ले तिनं.

तू धाडलेली साडी अन् 'घरातली गोष्ट घरात मिटव' ही चिठ्ठी मी वकीलबाईले देऊन टाकली. साडीचा रंग चांगला होता.

पंधरा तारखेले तुही साक्ष. पोरगा त्या दिवशी जऊळक्याले होता, असं तू सांगणार म्हणे. सांग. पण त्या दाराकडं जायाले दुसरी वाट नाही, आमच्या मधूनच जा लागते. दारापाशी मी बसन, अन् माह्या बाजूले पिंकी.

सकाळची एसटी धरजो. उपाशी येऊ नको.

तुही बहीण,
विमल