राहून गेलेला टेस्ट आयटम

टेमघर, भिवंडी
१८ जानेवारी २०२५

वल्लरी,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं, मग ते खोडलेलंही बरं दिसेना म्हणून कागदच बदलला. अकलोलीला मावशीकडे तुझी तब्येत सुधारली असेल. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. आई अजून विचारते, कॉलेजला परत कधी जातोस. मी सांगतो, पुस्तक येतंय ना. ती म्हणते, पुस्तक म्हणजे डिग्री नव्हे. तुम्हा बायकांचं एकाच शाळेत शिक्षण झालंय काय?

तुझा निरोप तुझ्या मैत्रिणीने, जोहाने दिला. ‘सातवं प्रकरण काढायला सांग त्याला.’ झालं, एवढंच. कसा आहेस नाही, अभिनंदन नाही. ब्लॉगच्या पहिल्या वीस पोस्ट तू तपासल्यास. ‘मिहिर, वाक्य संपव, धावतोस कुठे’ असं लाल अक्षरात लिहायचीस. आता त्याच पोस्टचं पुस्तक होतंय, पाठीमागे छापतायत, ‘छोट्या कारखान्यात खरेदी, विक्री, स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवताना काय काय बिघडतं याची खरी हकिगत’, आणि तुझ्याकडे माझ्यासाठी एक ओळ. तीही दुसरीच्या तोंडून. नंबर तर तू ऑगस्टपासून ब्लॉक केलायस.

प्रकाशक म्हणतात सातवं सगळ्यात मजेशीर आहे. ब्लॉगवरही तेच सगळ्यात जास्त वाचलं गेलं. सोमवारी फायनल प्रूफ पाठवायचं आहे. आणि तू म्हणतेस काढ.

मी जोहाला म्हणालो, नाव बदललंय की त्यात. ती म्हणाली, “मिहिर, भिवंडीत कुणाला कळणार नाही असं वाटतं तुला? लोक वाचतात आणि मला विचारतात, वल्लरी कशी आहे.” मग तिने भाविकचं सांगितलं. तोपर्यंत मला एवढंच माहीत होतं की तुझ्या भावाने मानकोलीच्या गोदामात कुणावर तरी हात उचलला आणि त्याची नोकरी गेली. का, ते मी विचारलं नव्हतं. म्हटलं, तापट आहे. आणि हे मी म्हणायचं, बघ.

प्रकरणात मी काय लिहिलंय ते तुला पाठ असेल. हसनशेठच्या लूमच्या कारखान्यात आपण दोघं मालाची यादी भरत होतो. नवीन आयटम कसा करायचा हे दाखवताना मी टाइप केलं, ‘वल्लरी ४४’ (प्रकरणात तिथे दुसरं नाव आहे). तू हसलीस, म्हणालीस, “सुरू व्हायच्या आधी काढ हं.” आणि पुढे लिहिलंय की मी काढायला विसरलो, त्यामुळे सप्टेंबरात चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड त्याच नावाने चलनावर छापून मानकोलीला गेलं. शेवटी बोधवाक्य, ‘चाचणीचा डेटा लाइव्हच्या आधी पुसा.’ लोकांनी हसणारे चेहरे टाकले.

गोदामात काय झालं ते लिहिलेलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. ट्रक आला की हमाल ओरडायचे, “भाविकभाई, वल्लरी आयी, चालीस गठ्ठे, किधर डालूँ?” मग कुणीतरी सांगितलं की हे याच्या बहिणीचं नाव. त्यानंतर रोज सकाळी, “आज बहन नहीं आयी क्या?” नऊ दिवस त्याने ऐकून घेतलं. मी असतो तर पहिल्याच दिवशी डोकं फोडलं असतं.

आता कालचं. हसनशेठकडे गेलो होतो, तो आयटम खोडायला. निरोप मिळाल्यावर वाटलं, निदान तिथून तरी जावं. खोडता येईना. ज्या मालाचा एकदा व्यवहार झाला तो सॉफ्टवेअर खोडू देत नाही, फक्त बंद करू देतं. हे मीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय. जुन्या चलनांवर तू राहणार. मी चिडून टेबलावर हात आपटला, तसं कोपऱ्यातून अण्णा बोलले. हो, तेच शेठच्या कारखान्यातले मालाचे कारकून, ज्यांची वही बंद व्हावी म्हणून मी त्यांच्यासमोर कीबोर्ड फोडला होता, तुझ्यादेखत. त्यांची वही अजून चालू आहे.

म्हणाले, “हे बघ.” ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. प्रत्येक ओळीत त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, ‘ग्रे, ४४ पन्हा.’ एकदाही तुझं नाव नाही.

मी विचारलं, “अण्णा, चलनावर तर वेगळं होतं. तुम्ही जुळवलं कसं?”

“जुळवलं. त्रास झाला. पण लेकीबाळीचं नाव मालाला लावत नाहीत रे, म्हणून लिहिलं नाही.” मग चष्मा काढून म्हणाले, “ते राहून गेलेलं नव्हतं ना?”

मी तो आयटम बंद केला आणि निघालो. तुला सांगतो.

मी विसरलो नव्हतो. तीस जुलैला जिन्यात मी मनातलं सांगितलं आणि तू मला नाही म्हणालीस. म्हणालीस, “तू चिडतोस तेव्हा मला तुझी भीती वाटते, मिहिर.” दोन दिवसांनी सिस्टिम लाइव्ह करायची होती. सगळा टेस्ट डेटा मी एकेक करून पुसला. तुझ्या नावापाशी थांबलो, आणि चव्वेचाळीस पन्ह्याचं सगळं कापड त्याच्याखाली टाकलं. शेठने विचारलं, “ये कौन सी क्वालिटी है बे?” मी म्हणालो, “नई है, शेठ.” वाटलं, बोलत नाहीस ना, मग दिवसभर तुझं नाव ऐकेन तरी. आणि खरं सांगायचं तर तुला थोडं लागावं असंही वाटलं होतं. भाविकचा विचारही मनात आला नाही. मग ब्लॉगवर ‘विसरलो’ लिहिलं, आणि लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं.

काल रागात ठरवलं होतं, सातवं ठेवतो आणि खरं छापतो, होऊ दे बदनामी माझी. सकाळी कळलं की तेही पुन्हा तुझंच नाव ओरडणं झालं असतं. प्रकरण काढलंय. पोस्टही काढली. प्रकाशक वैतागले, पण आठव्याला सातवं करतायत.

उद्या भाविककडे जातोय. हेच सगळं त्याच्यासमोर बोलणार आहे. त्याने मारलं तर मी हात उचलणार नाही. हसनशेठना सांगून झालंय. गोदामवाल्यांना जे घडलं ते सांगून भाविकला परत घ्या म्हणून विचारतो म्हणालेत. घेतीलच असं नाही.

तुझी भीती बरोबर होती. उत्तर पाठवू नकोस.

पाकीट कोरं आहे. कुणाला द्यायचं ते जोहाला तोंडी सांगितलंय.

मिहिर