शाळेची चावी

सोमवार, संध्याकाळ

टेबलावर शाळेची चावी पडली आहे. तिच्याकडे पाहिलं की डोकं फिरतं.

बाकीचे शिक्षक आर्वीहून बसनं ये-जा करतात. रुजू झाल्यावर मी एकटीनं गावात खोली घेतली, हाच माझा गुन्हा. आज शेवटच्या तासाआधीच हेडसरांनी बॅग उचलली आणि चावी माझ्या हातात ठेवली. "तुमी तं इथंच राह्यता, मॅडम. सोडा पोट्ट्यायले अन् लावा कुलूप. आमची बस चुकते नं!" बाकीचे तर फाटकाबाहेरही पडले होते. आणि मी? मान डोलावली. का?

चारही वर्ग एकटीनं कसे आवरणार? सोडली शाळा. घरी आले तर घरमालकीणकाकू दारातच. "काऊन वो मॅडम, शाया लवकर सोडली तुमी आज?"

तुमी! बोल लावायला गावात मी एकटीच सापडते.

चावी ड्रॉवरमध्ये टाकली, पुन्हा बाहेर काढली.

उद्या शाळा मीच उघडणार. प्रार्थनेची घंटा वेळेवर देणार, आणि पोरं आत आली की फाटकाला कुलूप. ह्यांची बस रोज उशिरा येते ना? येऊ दे. आत यायचं तर चावी लागेल, आणि ती त्यांनी स्वतःच माझ्या हातात दिली आहे.