परसदाराची कुरकुर

आई,
साष्टांग नमस्कार. इथूनच घालते, पोचला असं समज.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोकला गेलाय. आमच्या बेडकांच्या खोलीत दुपारी बारालाच संध्याकाळ होते. आम्ही दिवे हळूहळू मंद करतो आणि बारीक फवारा सोडतो. मग काचांवरून थेंब ओघळत राहतात आणि मला उगाच वाटतं, आपण पाण्याखालीच राहतो.

कातडीच्या बुरशीनं जगभर बेडूक संपत चाललेत, हे तुला सांगितलं होतं. इथल्या एका म्हाताऱ्या बेडकाला आम्ही आजोबा म्हणतो. ते बहुधा त्यांच्या जातीतले शेवटचे. दोन वर्षं तोंडातून अवाक्षर नाही. त्यांच्या जातीचे जुने, साठवलेले आवाज ऐकवून पाहिले, तरी ढिम्म.

काल मी नियम मोडून त्या खोलीत तुझा फोनवरचा निरोप लावला. तू बाबांच्या गुडघ्याबद्दल सांगत होतीस, तेवढ्यात तुझ्यामागे आपलं परसदार कुरकुरलं आणि आजोबा बोलले. पुन्हा लावला, पुन्हा बोलले. इथल्या आमच्या मोठ्या बाई रागवायचं सोडून शेजारी येऊन बसल्या. अकरा वेळा ऐकला आम्ही. बाबांचा गुडघा आता इथे सगळ्यांना पाठ आहे.

कसा आहे तो? आणि एक विचारू? परसातल्या डबक्यातले बेडूक अजून ओरडतात ना? लहानपणी त्यांच्या गोंगाटात ते दार कुरकुरतं हे मला कधी कळलंच नव्हतं.

बाबांना सांग, बिजागरीला तेल घालू नका.

तुझी,
धाकटी