उतरलेल्या सेलवर बसवलेली गाणी

ताई,

ऑर्केस्ट्रावाल्या भैयाजींच्या ड्रमस्टिक परत द्यायला सोडाल्याला त्यांच्या घरी जातोय. जेवायला थांबू नकोस. तुझ्या उशा पलंगावर ठेवल्यात. वाजवून वाजवून एकीची शिवण उसवलीय, तेवढी घाल.

काल सिविल लाइंसच्या कार्यक्रमात मी पहिल्याच गाण्याला मागे पडलो. गाणारा सारखा वळून बघत होता. मध्यंतरानंतर माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं. मतलब, संपलं.

घरी येऊन बघतो तर टेपचे सेल उतरलेले. म्हणजे मी सगळी गाणी संथ ऐकून, तशीच बसवली. टेपवर गाणाऱ्या बाईंचा आवाज पुरुषासारखा यायचा, तेव्हाच कळायला हवं होतं. तू हसलीसुद्धा होतीस.

सकाळी तू दूध आणायला गेलीस तेव्हा नवे सेल घातले आणि पुन्हा उशा मांडून वाजवून पाहिलं. खरी लय आता नीट ऐकू येते. पण माझे हात तिथवर पोचतच नाहीत, ताई. बराच वेळ पाहिलं.

बाबा आता पुन्हा फौजेच्या भरतीचं काढतील. जाईन म्हणावं. कालचं विचारलं तर सेल उतरले होते, एवढंच सांग. सकाळचं सांगू नकोस.

नागू