आवाज तेवढा खरा

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि बोटीवरचा तो दाढीवाला फोटो, दोन्ही पोचलं. दाढी काढून टाक. इंजिनरूममधला माणूस कमी आणि फरार आरोपी जास्त दिसतोस.

इकडे सगळं ठीक आहे. दुकान बरं चाललंय. आमच्या मालकीणबाईंना स्वतःलाच चष्मा लागलाय, पण चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीनं चष्मा लावला तर लोक काय म्हणतील म्हणून त्या पावत्या हातभर लांब धरून वाचतात. मी आपली मागच्या खोलीत काचा घासत बसते. सध्या काम हलकंच घेतलंय, कारण डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. काळजी करू नकोस, स्टुलावरून पडले. माळ्यावरचं काहीतरी काढत होते. तू म्हणशील, टिटवी ती टिटवीच, एक काम धड करेल तर शपथ.

अप्पांची तब्येत चांगली आहे. खाणंपिणं नीट. विसरणं आहे तेवढंच आहे, म्हणजे थोडं वाढलंय, पण आहे तेवढंच म्हणायचं.

तू दिलेलं ते गेमचं मशीन म्हणजे त्यांचा जीव की प्राण झालंय. आणि खेळ तो एकच, अंधारगड. बाकीचे तू पाठवलेले खेळ डब्यातून बाहेरसुद्धा काढले नाहीत. जेवणाची ताटली कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही, पण पडक्या बुरुजाखालचा भालेवाला कधी डावीकडून येतो आणि कधी उजवीकडून, ते बोटांना पाठ आहे. बंदरावरच्या क्रेनमध्ये उभा जन्म गेला ना. दोन्ही हातांत दोन दांडे आणि नजर खाली हुकावर. कंट्रोलर हातात घेतला की पाठ ताठ होते, खांदे खाली येतात, पुन्हा ते बंदरावरचे अप्पा. बघत राहावंसं वाटतं.

खेळ संपवला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी एकदा विचारलं, "अहो अप्पा, संपलेला खेळ परत परत काय खेळता?" तर म्हणाले, "बंदरावर रोज तेच धक्के, तेच कंटेनर. पण वारा रोज वेगळा. माणूस कंटेनरसाठी जातो होय? वाऱ्यासाठी जातो." मग थोड्या वेळानं, "आणि इथं चुकलं तर परत उभं राहता येतं. क्रेनवर ती सोय नव्हती."

मला पटलं. तूही शाळा बुडवून हाच खेळ का खेळायचास ते इतक्या वर्षांनी कळलं.

नंतर ते म्हणाले, "शिवाय माझी पोरगी आत अडकलीय. तिला काढल्याशिवाय कसा सोडू?"

असो. अप्पांचं काय, बोलतात काहीतरी. तुला तिकडे गरम कपडे पुरेसे आहेत ना? पुढच्या बंदराचा पत्ता कळव.

तुझी,
टिटवी


११ मार्च

प्रिय दादा,

तू सरळच विचारलंस, अडकलीय म्हणजे काय? आणि स्टूल कुठलं, आपल्या घरात स्टूल नाही. तुझ्यापासून काही लपत नाही. आणि खरं सांगायचं तर लपावं असं मला वाटतही नव्हतं.

मी पडले नाही. अप्पांनी मारलं.

त्या दिवशी मी दुकानातून येऊन चहा केला, कप घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पडद्यावर तो पूल होता, बहुरूप्याचा. तुला आठवत असेल, तिथं आपल्याच सोबत्याचा चेहरा घेऊन राक्षस उभा राहतो, हात करून बोलावतो, आणि खेळणारा जरा घुटमळला की संपला. अप्पा सुरुवातीला तिथं सारखे मरायचे. तूच शिकवलंस त्यांना, "चेहऱ्याकडे बघू नका अप्पा, सरळ घाव घाला." अप्पांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग भिंतीला टेकवलेली मोठी छत्री उचलली. मी हात वर केला म्हणून मनगटावर भागलं.

"तिचा चेहरा लावून आलीस," म्हणाले. "पोरगी कुठाय माझी?"

मी म्हटलं, अप्पा, मीच. तर जास्तच भडकले. "आवाजपण चोरलास!"

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या आजारात होतं असं. चेहरा ओळखीचा दिसतो, पण आपल्या माणसाला बघून आत जे हलतं ते हलत नाही. मग मेंदू म्हणतो, ही तोतया. मी खेळावर खापर फोडायला तयारच होते, पण त्यांनी फोडू दिलं नाही. म्हणाल्या, "खेळानं आजार दिलेला नाही. आजाराला खेळातलं नाव मिळालं, एवढंच. खेळ नसता तर शेजारीण चेटकीण ठरली असती."

तेव्हापासून मी घरात बोलतच नाही. ताट ठेवते, बाजूला होते. ते ताटाकडे संशयानं बघतात, आधी एका घासाचा वास घेतात, मग खातात. दिवसभर येणारा मदतनीस चालतो त्यांना. त्याला "ए हमाल" म्हणतात. तो गडीही हसून ओ देतो.

आता पुढचं. हे मी डॉक्टरबाईंना अर्धंच सांगितलंय.

एकदा दुकानातून मदतनिसाला फोन केला, औषध विचारायला. फोन अप्पांनीच उचलला. मी सवयीनं "हॅलो अप्पा" बोलून गेले आणि जीभ चावली. तर पलीकडून ते रडायलाच लागले. "टिटवे! कुठे आहेस ग तू? बरी आहेस ना? जेवतेस ना?"

दादा, मी काचेच्या भुग्यात बसून हमसाहमशी रडले. मालकीणबाईंना वाटलं, डोळ्यात काच गेली.

चेहरा नसला की ते मला ओळखतात. नुसता आवाज पुरतो.

मग मी तुझं जुनं मशीन माळ्यावरून काढलं. (म्हणजे माळ्याचं खोटं नव्हतं, फक्त क्रम उलटा.) घरातल्या मागच्या खोलीत लावलं, दार लोटलं, कानाला हेडफोन, आणि खेळात शिरले. नाव दिलं टिटवी. अप्पा शेकोटीपाशी बसले होते. मला बघून त्यांचा तो लोखंडी चिलखतातला माणूस उठून उभा राहिला.

"आलीस?" म्हणाले. "माझ्या मागे राहा. इथली पायरी मोडकी आहे."

आता रोज संध्याकाळी जाते. मला धड ढालही धरता येत नाही, सारखी मरते, आणि प्रत्येक वेळी ते परत येऊन मला उठवतात. रागवत नाहीत. चालता चालता बोलतात. आई गेल्यावर माझी वेणी घालायला ते क्रेनवरच्या दोरखंडावर गाठी मारून शिकले होते, माहीत होतं तुला? मला नव्हतं. मी पहिल्यांदा पगार आणला त्या दिवशी ते जिन्यात उभे राहून रडले होते, हेही नव्हतं. समोरासमोर या माणसानं आयुष्यात मला "ठीक आहे" याच्या पुढे कधी काही म्हटलं नाही. तिथं मात्र, अंधारात, कुणाची तरी हाडं तुडवत जाताना, सगळं सांगतात.

दुकानात काच घासताना माझं लक्ष घड्याळाकडे असतं. तुझी खोड मला लागली म्हणेनास का. पण मी खेळायला जातच नाही. मी बापाकडे जाते. घरात नाहीये तो, तिथं आहे.

डॉक्टरबाईंनी एका शुश्रूषागृहात जागा बघून दिलीय. माणसं चांगली आहेत, बागही आहे. पण मशीन तिथं नको म्हणतात, आणि मी तर सध्या अजिबातच नको. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. मी अजून कळवलं नाही. कामात होते, असं सांगणार आहे.

कधी कधी खेळताना अप्पा आवाज खाली आणतात. "घरात जी वावरते ना, तिच्यावर माझं लक्ष आहे. तू घाबरू नकोस. तिचा डाव मला कळायला लागलाय. ती कधी येते, कधी पाठ करते."

भालेवाल्याबद्दलही ते असंच बोलायचे. अगदी याच आवाजात.

तुझी,
टिटवी


२९ मार्च

दादा,

हे पत्र मालकीणबाईंच्या घरून लिहितेय. दुकानाच्या वरच त्या राहतात. आधी हे वाच, मी सुखरूप आहे.

गेल्या आठवड्यात अप्पांनी मला खेळात विचारलं, "ती झोपते कुठे?"

मी म्हटलं, कोण?

"उगाच वेड पांघरू नकोस. ती घरातली. मला रात्रीचं नीट दिसत नाही, पण दिवसा कधी आडवी होते की नाही?"

मी ढाल सावरत पुढे चालू लागले. तर म्हणाले, "तू खरी असशील तर सांगशील."

तू म्हणशील, थाप मारायची. सोपं होतं. पण त्यांचा आवाज बदलला होता, रे. तोतयाशी बोलतात तो आवाज. मला वाटलं, आता इथूनही मी गेले. घरातून गेलेच होते, तिथूनही. म्हणून मी सांगितलं. मागची खोली, रविवारी दुपारी, भिंतीकडे तोंड करून.

सांगितलं मी, दादा. स्वतःच्या तोंडानं.

"शाबास," म्हणाले.

रविवारी मदतनिसाला थांबवून घेतलं, स्वयंपाकघरात. त्याला म्हटलं, काही झालं तर धर, नाहीतर हलू नकोस. गादीवर उशा आणि जाड रजई लांब करून वर चादर घातली आणि मी कपाटाच्या आडोशाला उभी राहिले. मनाशी म्हणत होते, येणार नाहीत. विसरतील. दुपारचं जेवण विसरतात, हे कुठलं लक्षात राहतंय?

विसरले नाहीत. बंदरावरचा तो मोठा पाना घेऊन आले. अनवाणी. दारात थांबून त्यांनी वाट पाहिली, श्वास मोजल्यासारखी. आणि मग घाई न करता, न चिडता, जसे दांडे ओढायचे तसा तो पाना उचलला. डोकं असतं तिथं हाणला. एकदाच नाही. चादरीकडे बघतही नव्हते, नजर भिंतीवर होती.

चेहऱ्याकडे बघू नका, हे त्यांना पक्कं लक्षात राहिलंय.

मग पाना खाली ठेवला, हात शर्टाला पुसले आणि आपल्या खोलीत जाऊन हेडफोन लावला. मी दारापर्यंत गेले. मदतनीस माझ्या मागे होता. आतून अप्पांचा आवाज आला, इतका मोकळा की मी लहानपणापासून कधी ऐकला नव्हता.

"टिटवे, सुटलीस ग. काम झालं. ये आता घरी. दार उघडं ठेवतो."

मी बाहेर, ते आत. मध्ये एक उंबरा. क्षणभर मला खरंच वाटलं, झालं असेल. तोतया मेली तर आता मी उरले असेन. मी दार ढकललं. काही बोलले नाही, नुसती उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझत गेलं. मग हेडफोनचा माईक तोंडाजवळ ओढून ते हळूच, मला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळूच म्हणाले, "टिटवे, थांब. येऊ नकोस. ती परत उठलीय."

मदतनिसानं मला मागे ओढलं आणि कडी लावली. त्या संध्याकाळीच मी इकडे आले. शुश्रूषागृहाला हो कळवलंय. गुरुवारी गाडी येईल. तोवर दिवसा हा मदतनीस आणि रात्री त्याचा भाऊ, दोघं आहेत. पाना मी घेऊन आलेय.

तुझं जुनं मशीनही घेऊन आलेय. मालकीणबाईंच्या हे लक्षात आलंय, पण त्या काही म्हणत नाहीत, चहाचा कप शेजारी ठेवून जातात. काल खेळात गेले होते. अप्पा पुलावरच होते. खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला होता त्यांनी. म्हणाले, "आता मला तिची चाल कळलीय. एका घावात मरत नाही ती. पण कितीही वेळा उठू दे, मी थकणार नाही. तुला घेतल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

गुरुवारनंतर मशीन नसेल. ते मला कुठे शोधतील?

तू ये. पुढच्या बंदरात उतर आणि ये. पण थेट त्यांच्यासमोर जाऊ नकोस, तुझा चेहरा अजून तुझा आहे की नाही, कुणास ठाऊक. आधी बाहेरून फोन कर. त्यांना तुझा आवाज ऐकू दे. आणि त्यांनी माझ्याबद्दल विचारलं तर सांग, ती वाटेत आहे.

त्यांची तिथली, आणि तुझी इथली,
टिटवी