जिभेखालची पाच मिनिटं

८ जानेवारी २०२४, सोमवार

९७.३. पाळीचा पहिला दिवस, कागदावर पहिला ठिपका.

कुडाळच्या डॉक्टरबाईंनी बजावलंय — जाग आली की लगेच, अंथरुणातून उठायच्या आधी. पाणी नाही, बोलणं नाही. थर्मामीटर जिभेखाली, पूर्ण पाच मिनिटं. अंडं बाहेर पडलं की अंगाची ऊब साधारण अर्ध्या अंशाने चढते आणि पुढच्या पाळीपर्यंत तशीच राहते. चढलीच नाही तर अडचण कुठे आहे त्याचा अंदाज येईल, म्हणाल्या.

लग्नाला सात वर्षं झाली. नववीच्या मुलांना मी आलेख शिकवते, आता स्वतःचाच काढायचा! कागदही शाळेतूनच आणला.

खिडकीतलं थर्मामीटर देवेशने हातात दिलं. न सांगता.

१३ जानेवारी

९७.४, ९७.२, ९७.३. सपाट.

ती पाच मिनिटं मी बोलू शकत नाही, म्हणून देवेश बोलतो! एरवी दिवसभर खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणार, घरी येऊन जेवणार, संपलं. आता उशीवर कोपर टेकून सगळं सांगतो. कुणाच्या इंजिनात खारं पाणी शिरलं, आरोंद्याच्या जेटीवर कोण कुणाशी भांडलं. मी नुसती मान हलवते. खरं सांगायचं तर सकाळची वाट बघायला लागलेय मी.

१७ जानेवारी

सासूबाई दारातून — "अंगात ताप नाय, काय नाय, आणि रोज कसलो ताप बघतंस गो? देवार भरवसो नाय, आणि ह्या कांडीर आसा!"

माझ्या तोंडात कांडी होती.

२३ जानेवारी

९७.८! काल ९७.७ होतं, मी विश्वास ठेवला नव्हता. चढलीय!

देवेशला आकडा दाखवला. "बरां झालां," म्हणाला आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला. चहा न घेताच खाडीवर गेला. मला वाटलं, आनंदाने गांगरला असेल.

५ फेब्रुवारी

९७.३. पाळी आली.

११ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंनी देवळात कौल लावायला नेलं. गुरवाने देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं — "ह्या सुनेच्या पोटाक जी काय अडचण आसात, ती दूर कर रे महाराजा!" सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. सगळ्यांच्या नजरा माझ्या पोटावर. पदर नीट होता, तरी पुन्हा ओढून घेतला.

उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा हात घट्ट धरला त्यांनी. मनाने वाईट नाहीत त्या. देवेश खांबाआड उभा होता, शेवटपर्यंत पुढे आला नाही.

रागच आला मला. कुणाचा ते लिहिता येत नाही.

२० फेब्रुवारी

९७.९. मागच्या महिन्यासारखंच, पाळीपासून सोळाव्या दिवशी. घड्याळ लावल्यासारखं.

९ मार्च, शनिवार

कुडाळला गेलो. डॉक्टरबाईंनी दोन्ही महिन्यांचे आलेख खिडकीपाशी नेऊन पाहिले. "छान काढलेत. बाकीचे रिपोर्टही चांगले आहेत. अंडं वेळेवर सुटतंय. तुमच्याकडून मला तरी काही अडचण दिसत नाही." मग देवेशकडे वळून — "आता तुमची तपासणी करू. साधी असते. तोवर यांचं मोजणं चालू राहू दे."

देवेशने चिठ्ठी घेतली, चार घड्या घालून खिशात ठेवली. परत येताना गाडीवर मी दोनदा काहीतरी विचारलं. वाऱ्यात ऐकू आलं नसेल.

सात वर्षं मी मान खाली घालून बारशांना गेले. आज बाजारातून ताठ चालले!

१४ मार्च

तपासणीचं काढलं. "बघूया." कालही "बघूया"च.

१९ मार्च, मंगळवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी थर्मामीटर जिभेखाली ठेवलं. देवेश आज कोपरावर टेकला नाही. उठून बसला, माझ्याकडे पाठ करून.

"तेजू, तुझ्यात कायएक दोष नाय. माका ठावक आसा. दोन वर्सां झाली. गोव्याक इंजिनाचे पार्ट आणूक गेल्लंय तेवा तपासून इलंय. दोनदा. रिपोर्टात शून्य आसा. एक पण शुक्राणू नाय." मग, पाठ तशीच ठेवून — "तुका सांगूक धीर नाय झालो."

मी थर्मामीटर काढून ओरडू शकले असते. काढलं नाही. तोंड मिटून पडून राहिले, पाणी डोळ्यांतून कानात जात होतं. पाच मिनिटं पूर्ण झाली. ९७.८. वहीत ठिपका दिला.

मला उत्तर देता येत नाही, तीच वेळ त्याने निवडली!

दोन वर्षं. म्हणजे कौल लावला तेव्हाही. पहिल्यांदा ऊब चढली तेव्हाही. रोज सकाळी माझ्या हातात थर्मामीटर ठेवताना — तेव्हाही.

२० मार्च

९७.९. का मोजलं, ठाऊक नाही.

२३ मार्च

चार दिवसांनी बोलले. "तुझ्या आवशीक तूच सांग. माझ्या तोंडान नको. मी नववीचे पेपर तपासून संपवतंय, तोवर तू सांगलंस तर सांगलंस. नायतर मी विजयदुर्गाक जातंय, बाबांकडे."

"ती खचतली गो."

"मी नाय खचलंय?"

मी आलेखाचे कागद घडी करून कपाटात ठेवले. आता मोजणार नाही.

२९ मार्च

अकरा पेपर राहिले. त्याने अजून सांगितलेलं नाही. बॅग काढून पलंगावर ठेवली, त्याला दिसेल अशी.

३१ मार्च, रविवार

आज सांगितलं त्याने. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. सासूबाई खोबरं किसत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. "माका ठावक होतां," म्हणाल्या. "पंदराव्या वर्सा तुका गालगुंड झाल्लां, खाली पण सूज इल्ली. डॉक्टरान तेवाच सांगल्यान, ह्येका पोरां होवची कठीण. मी कोणाक बोललंय नाय. तुका पण नाय. लगीन झाल्यार देव कायतरी करीत, असां वाटलां."

देवेश भिंतीला टेकून खाली बसला. त्याचा चेहरा — त्या मंगळवारी माझा असाच झाला असणार.

मी जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.